यंत्रांचे सांधे



वसंत ऋतूत व्याख्याने भरवण्याची आपली चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला, आणि तेव्हापासून संध्याकाळच्या गार वाऱ्यात बसून चार नव्या गोष्टी ऐकाव्यात ही हौस महाराष्ट्रात गावोगाव पोहोचली. या मंचावर संतवाङ्मय येते, इतिहास येतो, अर्थकारण येते. श्रीगोंद्यासारख्या गावात तर ते साहजिकच आहे. एका बाजूला शेख महंमद महाराजांचे स्थान आणि दुसऱ्या बाजूला शिंदे सरकारांचे वाडे. इथल्या माणसाला संत आणि इतिहास शिकवायला बाहेरचा वक्ता कशाला हवा? म्हणून मी आज लोखंडाविषयी बोलणार आहे. त्यातही आख्ख्या यंत्राविषयी नव्हे, तर यंत्राच्या सांध्यांविषयी.

विषय रुक्ष वाटेल. पण या सभेत बसलेल्यांपैकी कोणी साखर कारखान्यात नोकरीला असेल, कोणाचा ट्रॅक्टर असेल, कोणाच्या घरी पायमशीन असेल. निदान सायकल तरी प्रत्येकाने चालवली असेल. या सगळ्यांचे काम सांध्यांवर चालते. आणि यंत्र बिघडते तेही बहुधा सांध्यातच. पुढे सांगेन की माणसाच्या जिवावर बेतते तेही पुष्कळदा तिथेच. एवढ्यासाठी तासभर लक्ष द्यावे ही विनंती.

प्रथम सांधा म्हणजे काय ते पाहू. दोन वस्तू चिकटवल्या, खिळ्याने ठोकल्या, तर ती जोड झाली. दोहोंची एकच वस्तू झाली. सांधा त्याहून निराळा. तो दोन वस्तूंना एकत्र धरतो, पण त्यांना हलूही देतो. मात्र वाटेल तसे हलू देत नाही. दाराची बिजागरी घ्या. ती दाराला उभ्या रेषेभोवती फिरू देते. पण दार वर उचलू म्हणाल, पुढे ओढू म्हणाल, तर सक्त मनाई करते. अडकित्त्याच्या खिळीचे तेच. ती दोन्ही पात्यांना उघडू-मिटू देते, पण एकमेकांपासून दूर सरकू देत नाही. सरकली तर सुपारी कातरायच्या ऐवजी निसटून कोपऱ्यात जाईल. जात्याच्या मधल्या खिळीचे तेच. कोणती हालचाल मोकळी सोडायची आणि कोणती अडवायची, याचा निवाडा म्हणजे सांधा. चांगला सांधा हा चांगल्या न्यायाधीशासारखा असतो. सोडायचे त्याला पूर्ण सोडतो आणि बांधायचे त्याला पूर्ण बांधतो. झिजलेला सांधा दोन्हीकडे लबाडी करतो.

निसर्गाने हा निवाडा आपल्या देहातच करून ठेवला आहे. कोपर बिजागरीसारखे एका दिशेने वाकते. खांद्याचा सांधा वाटीत बसवलेल्या गोळ्यासारखा. म्हणून हात चहूकडे फिरतो. पण खांदा निखळतो तितका सहजी गुडघा निखळत नाही. जितके स्वातंत्र्य अधिक तितकी सांभाळण्याची जबाबदारी अधिक. देहाला लागू आहे ते यंत्रालाही लागू आहे.

आता सांध्यांनी दांडे एकमेकांना जोडले की काय होते ते पाहू. यासाठी प्रयोगशाळा नको. घरी गेल्यावर मुलांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून द्या आणि टोकांना टाचण्या टोचून त्या जोडायला सांगा. तीन पट्ट्या जोडल्या की त्रिकोण होतो, आणि तो हलत नाही. टाचण्या सैल असल्या तरी त्याचा आकार बदलत नाही. म्हणून तर छपराच्या कैच्या त्रिकोणी असतात, आणि फळ्यांच्या दाराला सुतार एक तिरपी पट्टी मारतो. आता चार पट्ट्या जोडा. चौकोन झाला आणि तो हलू लागला. जुनी बाज एका अंगाला कलते ती यामुळेच. बाजेचा हा दोष आहे, पण यंत्राचा सारा जन्म या दोषातून झालेला आहे. चार दांडे आणि चार सांधे, एवढ्या भांडवलावर अर्धेअधिक जग चालते.

पायमशीन पाहा. पावलाखालची पाटी पुढेमागे झुलते. हा एक दांडा. तिच्यापासून वर जाणारी काडी हा दुसरा. मोठ्या चाकातली वाकडी भुजा हा तिसरा. आणि मशिनीचा लोखंडी सांगाडा हा चौथा. तो हलत नाही, पण हिशेबात धरावा लागतो. पाय झुलतो आणि चाक फिरते. झुलण्याचे फिरणे करणे ही या चार दांड्यांची किमया. सायकलवर तर आपणच यंत्र होतो. मांडी हा एक दांडा, पोटरी दुसरा, पायटा ज्यावर बसवला आहे ती भुजा तिसरी, आणि सायकलची चौकट चौथी.

पण कोणतेही चार दांडे घेतले म्हणून चाक पुरते फिरेलच असे नाही. फ्रान्झ ग्राशोफ या जर्मन अभियंत्याने १८८३ साली त्याचा नियम मांडला. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्याची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. दोन, चार, पाच आणि सहा इंचांच्या पट्ट्या घ्या. दोन आणि सहा मिळून आठ, चार आणि पाच मिळून नऊ. आखूड पट्टी पुरते वर्तुळ फिरेल. तीन, चार, पाच आणि आठ घ्या. तीन आणि आठ अकरा, चार आणि पाच नऊ. आता एकही पट्टी पुरती फिरणार नाही, सगळ्या नुसत्या झुलतील. पाचवीतल्या मुलाला करता येईल एवढी बेरीज. पण ती चुकली तर यंत्र अडलेच म्हणून समजा.

पायमशीन चालवणाऱ्या भगिनींना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. कधीकधी पाय दाबला तरी चाक हलत नाही, किंवा उलटे फिरते आणि दोरा तुटतो. मग हाताने चाकाला जरासा धक्का द्यावा लागतो. काडी आणि भुजा एका सरळ रेषेत आल्या म्हणजे असे होते. त्या जागी तुम्ही कितीही जोर लावा, तो जोर चाकाला फिरवत नाही, फक्त आसावर दाबतो. अभियंते याला मृतबिंदू म्हणतात. एकदा चाकाने वेग घेतला की ते आपल्याच जडपणाने हा बिंदू ओलांडून जाते. अडचण येते ती सुरुवातीला.

हीच अडचण आगगाडीच्या इंजिनापुढे होती. तिथे हाताने धक्का कोण देणार? दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. आपले श्रीगोंदे रोड, बेलवंडी आणि विसापूर ही स्थानके त्यावरच आहेत. त्या मार्गावरची वाफेची इंजिने वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिली असतील. चाकांच्या बाहेरून तो लखलखीत दांडा कसा खालीवर होत धावे! डावीकडे एक सिलिंडर आणि उजवीकडे एक. दोन्ही बाजूंच्या भुजा काटकोनाच्या फरकाने बसवलेल्या असत. म्हणजे डावी बाजू मृतबिंदूवर अडली तर उजवी बाजू नेमकी भर जोरात असे. घरात एकजण आजारी पडला की दुसऱ्याने हात द्यावा, तसा हा संसार. म्हणूनच ते इंजिन कुठल्याही स्थितीत उभे असले तरी बिनधक्क्याचे निघत असे.

झुलण्याचे फिरणे करणे झाले. पण दांड्याला वर-खाली अगदी सरळ रेषेत चालवायचे असेल तर? जेम्स वॉटच्या काळी हा मोठा पेच होता. त्याच्या इंजिनातली तुळई कमानीत झुलत असे आणि दट्ट्या सरळ चालायला हवा होता. १८७४ च्या आधी नव्वद वर्षे, म्हणजे १७८४ साली, त्याने काही दांडे आणि सांधे अशा रीतीने जुळवले की दट्ट्या जवळजवळ सरळ चालू लागला. वाफेच्या इंजिनाने वॉटला कीर्ती दिली, पण आपल्या सर्व यांत्रिक शोधांत या जुळणीचा आपल्याला अधिक अभिमान वाटतो, असे त्याने म्हातारपणी आपल्या मुलाला लिहिले होते. दांड्यांचे महत्त्व कारागिराला कसे वाटते ते यावरून दिसेल.

येथवर आपण दांडे पाहिले. आता फिरणाऱ्या शाफ्टकडे वळू, कारण श्रीगोंदे तालुक्याचे पोट ऊस आणि शेती यांवर आहे, आणि तिथे सगळा खेळ शाफ्टचा आहे.

पूर्वी ऊस लाकडी चरकात पिळला जाई. बाभळीच्या जाड उभ्या लाटा, त्यांना नवरा-नवरी म्हणत. एकीच्या डोक्यावर लांब आडवा दांडा आणि त्याला जुंपलेले बैल. बैल गोल फिरत, लाट फिरे, रस खाली पडे. बैलाची चाल कमी-जास्त झाली, दांडा थोडा वर-खाली झाला, तरी लाकूड आणि दोर सारे सांभाळून घेत. पुढे लोखंडी चरक आले. १९५०-५१ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. नंतर श्रीगोंद्यालाही सहकारी कारखाना उभा राहिला. आज तो शिवाजीराव नागवडे यांच्या नावाने ओळखला जातो. पिंपळगाव पिसा येथे कुकडी कारखाना झाला. चरकाची जागा मिलने घेतली.

या मिलमध्ये तीन मोठे रूळ त्रिकोणात बसवलेले असतात. दोन खाली, एक वर. वरच्या रुळाला तेलाच्या दाबाने खाली दाबून धरलेले असते. उसाचा थर जाड आला की हा रूळ किंचित उचलला जातो, थर पातळ झाला की खाली बसतो. तो असा तरंगता नसेल, तर एखाद्या वेळी रूळ तरी मोडेल किंवा रस तरी उसातच राहील. पण याच रुळाला फिरवायचेही आहे, आणि फिरवणारे दंतचक्र तर जमिनीत पक्के रोवलेले! मिनिटाला चारपाच फेरेच घ्यायचे असतात, परंतु त्यामागचा जोर प्रचंड असतो. एक टोक स्थिर, दुसरे टोक खालीवर. या दोघांना जोडायचे कसे?

याचे जुने उत्तर म्हणजे टेलबार. चौकोनी टोकांचा एक जाडजूड लोखंडी दांडा, आणि दोन्ही टोकांना चौकोनी भोकाच्या जड डब्या, म्हणजे कपलिंग. चौकोनी टोक डबीत जरा सैल बसते. त्या सैलपणातून रूळ खालीवर होऊ शकतो, आणि टोक चौकोनी असल्यामुळे फिरवण्याचा जोर मात्र पोहोचतो. युक्ती सोपी आहे, दणकट आहे, पण तिची किंमत द्यावी लागते. कोपरे एकमेकांवर घासतात, दांडा रुळाला आडवा रेटा देतो, आणि जो जोर रस काढण्यासाठी लागायचा त्यातला काही घासण्यात जातो. म्हणून पुष्कळ कारखान्यांत आता रोप कपलिंग बसवतात. त्यात दोरखंडाच्या वेढ्यांतून जोर ओढून नेला जातो. दोर ओढतो, पण रेटत नाही, त्यामुळे रूळ मोकळा राहतो. बैलांच्या चरकात जे काम दोर करत होता, तेच काम हजारो टन ऊस पिळणाऱ्या मिलमध्ये पुन्हा दोरानेच हाती घेतले. जुने सगळेच अडाणी नसते, हे एवढ्यावरून ध्यानात घ्यावे.

दोन शाफ्ट एका रेषेत नसताना जोडण्याचा दुसरा उपाय अधिक प्रसिद्ध आहे. त्याचे पुस्तकी नाव सार्वत्रिक सांधा; गॅरेजमध्ये त्याला नुसते क्रॉस म्हणतात. दोन्ही शाफ्टच्या टोकांना बेचक्यासारखा दुटोकी काटा असतो. एक बेचके उभे, दुसरे आडवे, आणि मधे अधिक चिन्हासारखा क्रॉस. क्रॉसची दोन टोके एका बेचक्यात, दोन दुसऱ्यात. एका बेचक्यात उभी वाकण्याची सोय, दुसऱ्यात आडवी. दोन बिजागऱ्या काटकोनात बसवल्या की शाफ्ट हव्या त्या दिशेला वाकूनही फिरत राहतो. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याच्या नावाने युरोपात तो ओळखला जातो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात दुर्बिणीसारखी उपकरणे फिरवण्यासाठी त्याचा उपयोग सांगितला आणि १६७६ साली ते छापले. आज मालमोटारीच्या पोटाखाली तोच फिरतो.

पण या सांध्यात एक खोड आहे, आणि ती पुष्कळ जाणत्यांनाही माहीत नसते. वाकलेला असताना तो एकसारखा फिरत नाही. फिरवणारा शाफ्ट कितीही सम चालीने फिरो, फिरणारा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. वाकण्याचा कोन तीस अंश असेल, तर शंभराच्या चालीचा शाफ्ट क्षणात एकशे पंधराच्या वेगाने जातो आणि क्षणात सत्याऐंशीवर येतो. ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, ज्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो, सर्वसाधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला हजाराहून अधिक हिसके! त्याला जोडलेल्या रोटाव्हेटरची किंवा द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरची काय दशा होत असेल?

उपाय सांध्यातच आहे: एक नव्हे, दोन सांधे लावायचे. पहिल्याने जी चूक केली ती दुसऱ्याने भरून काढायची. मात्र दोन अटी आहेत. दोन्ही टोकांना वाकण्याचा कोन सारखा हवा. आणि मधल्या शाफ्टची दोन्ही बेचकी एकाच पातळीत हवीत, एक उभे तर दुसरेही उभे. मधला शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. अवजार सोडताना तो वेगळा होतो आणि पुन्हा जोडताना घाईत काटकोनात फिरवून बसवला जातो. मग एकाची चूक दुसरा फेडत नाही, उलट दुप्पट करतो. अवजार थरथरते, क्रॉस वारंवार जातो, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. जोडताना दोन्ही बेचकी एका ओळीत आहेत ना, हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर एवढा सगळा खर्च वाचतो.

आता मी ज्याच्यासाठी मुख्यतः उभा राहिलो ते सांगतो. शाफ्ट फिरताना गुळगुळीत आणि शांत दिसतो, म्हणून माणूस त्याला भीत नाही. त्याचा हिशेब करून पाहू. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. सांध्यापाशी बेचक्याची जाडी चार इंच धरली तर परीघ साडेबारा इंचांचा. सेकंदाला नऊ फेरे म्हणजे नऊ फुटांहून अधिक कापड गुंडाळले जाते. कपडा अडकला हे कळून हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला असे माना. तेवढ्यात साडेचार फूट उपरणे, पदर किंवा ओढणी आत गेलेली असते, आणि तिच्यामागून माणूस. ताकदीचा इथे उपयोग नाही. पैलवान असला तरी चाळीस-पन्नास अश्वशक्तीपुढे तो काय करणार?

देशभर मळणीयंत्रांत माणसांचे हात जाऊ लागले तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. पण कायदा खळ्यावर येऊन उभा राहत नाही. पी.टी.ओ. शाफ्टवर कारखान्यातून येताना प्लास्टिकची नळी आणि सांध्यावर टोप बसवलेला असतो. शाफ्ट आत फिरतो, नळी स्थिर राहते. ग्रीस भरायला अडचण होते म्हणून पहिल्याच हंगामात ती काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकली जाते. माझी हात जोडून विनंती आहे की ती माळ्यावरून खाली काढा. फुटली असेल तर नवी आणा. यंत्र चालू असताना शाफ्ट ओलांडून कोणी जाऊ नये, आणि मळणीच्या वेळी पदर, ओढणी, उपरणे, मोकळे केस हे सारे घट्ट बांधलेले असावे. ज्या घरी पदर खोचून चुलीपाशी बसायचे मुलींना शिकवतात, त्या घराला हे नवे नाही.

दुसरी गोष्ट ट्रॉलीच्या पिनेची. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने शिगोशीग भरून चाललेल्या आपण पाहतो. त्या दोहोंमधला सगळा संबंध एका पिनेवर असतो. ती हरवली की मिळेल तो बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातला जातो. बैलगाडीच्या आखाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून खीळ घालणारा आणि ती रोज हाताने चाचपून पाहणारा आपला आजा या बाबतीत अधिक सावध होता. योग्य जाडीची पीन, पीन वर उडू नये म्हणून तिच्यात अडकवलेली क्लिप, आणि पीन तुटलीच तर ट्रॉली धरून ठेवणारी साखळी, या तिन्ही मिळून फार पैशांच्या नाहीत. चढावर सुटलेली ट्रॉली मागे कोण आहे हे पाहत नाही.

शेवटी वंगणाविषयी दोन शब्द. जुन्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. गाडी आणि वंगण यांची ताटातूट गाडीवान होऊ देत नसे. आजच्या यंत्रात वंगणाच्या जागा अधिक आहेत आणि आठवण कमी आहे. सांधा झिजू लागला की तो आधी बोलतो; खडखड करतो, गरम होतो, हाताला ढिला लागतो. यंत्र बंद करून, पूर्ण थांबल्यावर, सांधा हाताने हलवून पाहावा. ज्या दिशेला त्याने हलू नये त्या दिशेला तो हलला, तर त्याची वेळ भरली असे समजावे. तेवढ्यात बदलला तर शेदोनशे रुपयांत किंवा हजारात भागते. मोडेपर्यंत थांबलो तर तो आपल्याबरोबर शाफ्ट, अवजार आणि हंगामाचे चार दिवस घेऊन जातो.

भीमाकाठी पेडगावच्या किल्ल्यात हत्तीमोटेचे अवशेष दाखवतात. पाणी वर चढवण्यासाठी तिथे कोणा कारागिराने दोर, चाक आणि आस जुळवले असतील. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या गॅरेजमध्ये, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काळ्या हातांनी सांधे बसवणारी जी मुले आहेत, त्यांचीही नावे व्याख्यानात येत नाहीत. पण उद्या सकाळी गाडी सुरळीत निघते ती त्यांच्या नजरेमुळे. त्यांच्या त्या नजरेला थोडे शास्त्र मिळावे आणि यंत्राच्या मालकाला थोडी जबाबदारी वाटावी, एवढ्यासाठी हा खटाटोप केला.

 कोणाला आपल्या यंत्राविषयी काही विचारायचे असेल तर सभा संपल्यावर मी इथेच थांबणार आहे.